मांडव सुटेपर्यंत

“पोरगी नाही आली तं नाही आली, होला तं आला मांडव परतायले!”

कुंपणापलीकडून शेजारच्या काकू आईला म्हणाल्या आणि स्वतःच मोठ्यानं हसल्या. मी मांडवाखाली बाजेवर पडले होते. डोक्यावर ओला पंचा, पोटावर उघडं पुस्तक. पुस्तकाचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं, कारण मी वर बघत होते. जांभळीच्या वाळलेल्या डहाळ्यांतून एक होला चोचीत काडी घेऊन आत शिरला होता. दोन बांबू जिथे एकमेकांना बांधले होते त्या बेचक्यात त्यानं काडी ठेवली. ती घसरली आणि माझ्या पुस्तकावर पडली. त्यानं मान वाकडी करून खाली पाहिलं आणि दुसरी काडी आणायला निघून गेला.

“हासून घ्या बाई,” आई म्हणाली. तिच्या आवाजात हसू नव्हतं. “तुमच्याही पोरीचं लगन होईल.”

“म्हून तं सांगून राहिली, माहे बांबू तिच्या मांडवाले शिल्लक ठेवा!”

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. “मॅडमबाई, त्या होल्याले इंग्रजीत सांग नं, दुसरीकडे घर कर म्हणून.”

मी पुस्तक तोंडावर घेतलं.

माझ्या ताईच्या लग्नाला तेव्हा बरेच दिवस झाले होते आणि मांडव अजून उभा होता. कारध्याला आमच्या घरासमोरून थेट सडक जाते, पुढे अंगण असं नाहीच. त्यामुळे लग्नाचा मांडव घराच्या मागे, सांदवाडीत पडला होता. एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला धानाच्या तणशीचा ढीग, मधे तुळस, आणि त्या सगळ्यावर बांबूंचा सांगाडा घालून जांभळीच्या डहाळ्या पसरलेल्या. आमच्याकडे लग्नानंतर मुलगी जावयाला घेऊन मांडव परतायला येते, एक जेवण होतं, मग मांडवाची पहिली गाठ ती स्वतः सोडते. तोवर मांडवाला कुणी हात लावत नाही. “मांडव सुटेपर्यंत पोरगी आपली, मंग तिकडची,” असं आई म्हणायची. तिला तिच्या आईनं सांगितलं होतं.

मुली एरवी चार-पाच दिवसांत येतात. ताई गेली आणि त्याच आठवड्यात तिच्या सासूचा पाय विहिरीवर घसरून मोडला. तिच्या सासरचं, एकोडीचं ते घर मोठं, तळ्याकाठच्या धानाच्या शेतीचं, गडीमाणसांचं. नव्या सुनेशिवाय चूल पेटवायला दुसरं कुणी नव्हतं. ताईचं येणं लांबलं. एकोडीचा एक माणूस भंडाऱ्याच्या कोर्टात तारखेला यायचा आणि नदीचा पूल ओलांडण्याआधी आमच्याकडे पाणी प्यायला थांबायचा. तो दर वेळी सांगायचा, “पुढच्या हप्त्यात येते म्हणे.” आई त्याला गुळाचा खडा द्यायची आणि तो गेल्यावर मांडवाकडे बघत उभी राहायची.

मला काय हवं होतं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मांडव सुटायच्या आधी ताई यावी, आणि आली की थोडी राहावी, एवढंच. मी नागपूरला मामाकडे राहून शिकत होते. जूनमध्ये परत जायचं होतं. त्यानंतर ती माहेरी येईल तेव्हा मी नसेन आणि मी येईन तेव्हा ती नसेल, हे मला न मोजता कळत होतं.

मी फार बोलत नसे. शाळेतल्या मुली माझ्या इंग्रजीत गाव ऐकू येतं म्हणायच्या, आणि गावात माझ्या बोलण्यात शाळा. मग मी ऐकण्याचं काम घेतलं. ते मला जमायचं. ताईचं तसं नव्हतं. ती दिवसभर बोलायची, माणसांशी, विहिरीच्या रहाटाशी, तणशीत राहणाऱ्या मुंगसाशी. माझ्या वाटचंही तीच बोलायची. “तिले भूक लागली आहे,” ती आईला सांगायची, आणि ते खरं असायचं. पाठवणीच्या वेळी एसटीच्या पायरीवर उभी राहून ती मला म्हणाली होती, “बोल नं काहीतरी.” तेवढ्यात कंडक्टरनं घंटी वाजवली.

तो उन्हाळा फार कडक होता, पण आम्हाला तो गार गेला, तो त्या मांडवामुळे. एरवी चैत्र संपला की आम्ही घरात कोंडून घ्यायचो. खिडकीला वाळ्याची ताटी, शेणानं सारवलेली जमीन, त्यावर ओलं फडकं अंथरून पडून राहायचं. त्या वर्षी सगळं घर सांदवाडीत आलं. आईनं रांजण ओल्या रेतीत रोवला आणि रेतीत मेथीचे दाणे टाकले. ते उगवून आले की रांजणाला हिरवी झालर लागल्यासारखी दिसायची. बाबा दुपारी शेतावरून आले की विहिरीचं पाणी काढून मांडवावर बादलीनं फेकायचे. ते वाळक्या पानांतून गळत खाली यायचं आणि जांभळीचा तुरट वास सुटायचा. सडकेवरून ट्रक जायचे, गरम वारा घराच्या भिंतीला धडकायचा, आणि मागे आम्ही कैरीचं पन्हं पीत बसायचो. वैनगंगेच्या रेतीतली डांगरं, म्हणजे खरबुजं, यायची. आई ती रात्रभर विहिरीत सोडून ठेवायची. ऊन लागू नये म्हणून बाबांच्या बंडीच्या खिशात कांदा असायचा, आणि संध्याकाळी तो काढून ते खाटेखाली ठेवायचे, पुन्हा सकाळी तोच घ्यायचे.

तुळशीवर गळती टांगायचं काम ताईचं होतं. वैशाखात तुळशीच्या वर एक छोटं मडकं टांगतात, त्याच्या बुडाला बारीक भोक असतं, त्यातून चिंधीच्या वातीवरून थेंब थेंब पाणी तुळशीवर पडत राहतं. वात सैल झाली तर मडकं तासात रिकामं होतं, घट्ट झाली तर थेंबच पडत नाही. ताईला ती बरोबर जमायची. त्या वर्षी ते काम माझ्याकडे आलं. पहिले काही दिवस माझी तुळस एक तर पोहली नाही तर सुकली. मग जमलं.

आणि मग मला कळलं की ताई रोज सकाळी तिथे इतका वेळ का रेंगाळायची. त्या एका थेंबावर सगळी सांदवाडी जगत होती. आधी खार यायची, दोन पायांवर उभी राहून पडणारा थेंब हवेतच तोंडात घ्यायची. मग सातभाई. ते यायचे तेच भांडत, जणू वाटणीसाठी तलाठी बोलावायचा बाकी आहे. ते गेले की बुलबुल. गांधीलमाश्या तर वातीलाच चिकटून असायच्या. भर दुपारी, सगळे झोपले की, तणशीच्या ढिगाखालून मुंगूस निघायचं. आधी फक्त नाक, मग खांदे, मग ते लांबच लांब अंग. तुळशीखाली साचलेलं पाणी ते मांजरासारखं चाटायचं. मी श्वासही हळू घ्यायचे. आमच्यासारखं तेही त्या सावलीला आलं होतं, आणि आमच्यात काही न बोलता ठरलं होतं.

मांडवाच्या एका खांबावर ताईचा हातभर आरसा टांगलेला होता. लग्नाच्या सकाळी उजेड चांगला म्हणून तिनं वेणी तिथेच घातली होती, आणि तो तसाच राहिला. एक इवलासा निळाकाळा पक्षी, आम्ही त्याला फुलचुखी म्हणतो, रोज येऊन त्या आरशातल्या पक्ष्याशी मारामारी करायचा. चोचीनं टकटक, टकटक. आई एकदा म्हणाली, “काढून ठेव तो आरसा, पाखरू मरन.” मी त्यावर फडकं टाकलं. आरसा मात्र काढला नाही.

होल्याचं घर असं झालं की त्याला घर म्हणायला लाज वाटावी. आठ-दहा काड्या आडव्यातिडव्या. खालून बघितलं तर त्यातून आभाळ दिसायचं आणि नंतर दोन पांढरी अंडी दिसायला लागली. बाबांनी त्या कोपऱ्यावर पाणी फेकणं बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं. बादली तिथपर्यंत आली की त्यांचा हात आपोआप थांबायचा.

आता मी हे लिहिते आहे तेव्हा आमच्या घराच्या खिडकीत कूलर आहे. त्याचा पत्रा दिवसभर घरघरतो आणि आतली माणसं एकमेकांशी मोठ्यानं बोलतात. लग्नाचे मांडव आता भंडाऱ्याहून भाड्यानं येतात, रंगीत कापडाचे. वरात निघाली की दोर सुटतात, आणि मुलगी सासरी पोहोचायच्या आत कापड दुसऱ्या गावच्या लग्नाला लागलेलं असतं. सोय आहे, मी नाही म्हणत नाही. पण कूलरसमोर पडले की माझा हात अजून बाजेखाली पाण्याचा गडवा शोधतो, आणि डोळे वर जातात.

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापाचे नऊ दिवस, लागला तसे शेजारचे काका फेऱ्या मारू लागले. मांडवाचे निम्मे बांबू त्यांचे होते. पावसाआधी त्यांना घराच्या छपराचे कवेलू फेरायचे होते. कवेलू उतरवायचे, खालचे कुजलेले बांबू बदलायचे, पुन्हा कवेलू लावायचे. दरवर्षीचंच काम. काका भला माणूस. विहिरीवर पाणी प्यायचे, मांडवाकडे बघायचे, आणि भीत भीत विषय काढायचे.

“वहिनी, मिरग आला तं तुमच्या मांडवाले काय होते? भिजन थोडा. माह्या घरात गंगा येईल.”

“पोरगी येऊ द्या, भाऊ. तिच्या हातानं सुटू द्या.”

“मी कुठं नाही म्हणून राहिलो? पण आभाळाले कोण सांगन?”

शेवटी ठरलं. पुढच्या रविवारी मांडव काढायचा, ताई आली तर तिच्या हातून, नाही तर आईच्या. आईनं मान डोलावली आणि आत जाऊन उगीच तांदूळ निवडत बसली. मी गळतीत पाणी भरत होते. वात जरा जास्तच घट्ट झाली त्या दिवशी.

शनिवारी सकाळी, मी विहिरीवर असताना, घराच्या पुढल्या दारातून ताईचा आवाज आला.

ती भाऊजींबरोबर पहिल्या गाडीनं आली होती. डोक्यावर पदर होता, पायांत नवी जोडवी, आणि चेहरा लहान झालेला. आईनं तिला पाहुण्यांच्या पितळी पेल्यात पाणी दिलं. ताईनं पेला हातात धरून बघितला आणि म्हणाली, “मले गडव्यानं दे नं, आई.” आई पदरानं नाक पुसत आत गेली ती गडवा घेऊनच आली.

भाऊजी मांडवाखाली बाजेवर बसले. माणूस वाईट नव्हता. आपण नवे आहोत हे त्यांनाही कळत होतं, म्हणून ते सारखे काहीतरी बोलायचे. “साळीबाई इंग्रजीत बोलतात म्हणे,” ते बाबांना म्हणाले. “आमच्याशी तं अजून मराठीतही नाही बोलल्या.” सगळे हसले. मी पन्ह्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवून विहिरीकडे गेले.

मग आईनं विचारलं सासूबाईंचं. “आता काठीनं चालते,” भाऊजी म्हणाले. “आत्याबाई आल्या आहेत, मिरगापर्यंत राहतील.” आणि लगेच पुढे म्हणाले, “पण आम्ही उद्या सकाळीच निघतो. मांडव सुटला की पहिली गाडी.”

मिरगापर्यंत. म्हणजे तोवर तिकडे चुलीला माणूस होतं. तो शब्द मी दोराबरोबर विहिरीत सोडला आणि बादलीबरोबर वर काढला.

जेवणं झाली. आमरस, शेवया, कुरडया. काका-काकूही होते. भर दुपारी पुरुष आत लवंडले आणि आम्ही दोघी मांडवाखाली आलो. ताईनं डोक्यावरचा पदर काढला. खांबावरच्या आरशावरचं फडकं वर केलं, चेहरा बघितला, आणि काचेवरचे चोचीचे ओरखडे बघितले.

“माह्या आरशात कोण पाहून राहिलं?”

मी बोटांनी फुलचुखीएवढं माप दाखवलं. ती हसली. मग बाजेवर माझ्याशेजारी आडवी झाली.

“मुंगूस येते अजून?”

मी मान हलवली.

“खार?”

मी मान हलवली.

“तोंडानं बोल नं, बाई.”

मी वर बोट दाखवलं. बेचक्यातून दोन पिल्लांच्या चोची दिसत होत्या. अंगावर पिसं नुकती फुटत होती, मधे मधे पिवळी लव होती, आणि दोघंही भयंकर कुरूप होती. ताई बराच वेळ बघत राहिली.

“तिकडं तळ्यावरून हवा येते,” ती म्हणाली. “गार असते. पण बसायले नाही मिळत. लगन झालं तवापासून दुपारी पाठ टेकली नाही मी. भाकरी झाल्या की गडी येतात, गडी गेले की सासूबाईले...”

पुढचं आलं नाही. ती झोपली होती, तोंड अर्धवट उघडं, एक हात माझ्या पुस्तकावर.

मी पंचा रांजणाच्या पाण्यात भिजवून तिच्या कपाळावर ठेवला. सुकला की पुन्हा भिजवायचा. बांबूच्या विंझण्यानं वारा घातला. तिच्या हाताला चुलीच्या भाजण्याची खूण होती, जुनी नव्हे. सातभाई आले, तुळशीवर भांडले, गेले. ती हलली नाही. मुंगूस निघालं, तिला बघून थबकलं, मग ओळख पटल्यासारखं पाणी पिऊन गेलं. सावली बाजेवरून सरकली तशी मी बाज सावलीत ओढत राहिले, आवाज न करता, एकेक पाय उचलून. मला वाटलं, ही अशीच मिरगापर्यंत झोपली तरी चालेल.

ऊन उतरल्यावर आईनं भाऊजींकडे विषय काढला. “चार दिवस राहू द्या नं तिले.” अगदी हळू म्हणाली. भाऊजी म्हणाले, “घरी काम आहे, मामी,” आणि बाबांकडे बघितलं. बाबा मुलीचे वडील. ते कांदा खिशातून काढून खाटेखाली ठेवत होते. ताई तर पदर घेऊन उभी होती. एवढं बोलणारी माझी बहीण, तिनंही खाली बघितलं. तिला आता स्वतःसाठी बोलता येत नव्हतं, हे मी त्या क्षणी पाहिलं.

रविवारी ऊन तापायच्या आत काका विळा घेऊन आले, काकू मागोमाग. भाऊजी कपडे करून तयार होते, पिशवी दाराशी ठेवलेली. आईनं ताईची ओटी भरली. मी गळतीचं मडकं भरायला खाली काढलं होतं, ते माझ्या हातातच होतं.

ताई पहिल्या गाठीपाशी गेली. सुंभाच्या गाठीवर तिनं बोटं ठेवली आणि तशीच थांबली. वर होला पिल्लांना भरवायला आला होता. इतकी माणसं बघून तो आत शिरेना. विहिरीच्या रहाटावर बसून तो मान खालीवर करत होता, आणि बेचक्यात पिल्लं चोची उघडून ओरडत होती.

“सोड नं वं, ऊन चढून राहिलं,” काकू म्हणाल्या.

ताईनं गाठ सोडली नाही. काकांनी वर बघितलं. विळा खांद्यावर टेकवून ते थोडा विचार करत उभे राहिले.

“असं करू,” ते म्हणाले. “तेवढा कोपरा राहू देतो. चार बांबूंनी माहं काही अडत नाही. पाखरं उडू दे, मंग काढू. बाकीचा मांडव आज नेतो.”

“चालते,” भाऊजी म्हणाले. त्यांनी पिशवी उचलली, आणि माझ्याकडे बघून हसत म्हणाले, “काय साळीबाई, चालते का? आता तरी बोला काही. आम्ही चाललो.”

आई तुळशीकडे बघत होती. बाबा जमिनीकडे. ताई माझ्याकडे बघत होती, एसटीच्या पायरीवरून बघितलं होतं तशी. माझ्या हातातल्या मडक्याच्या वातीवरून पाणी माझ्या पायावर थेंब थेंब पडत होतं. आवाज निघाला तो मला स्वतःला मोठा वाटला.

“कोपरा राहिला तं मांडव सुटला नाही, भाऊजी. आन् मांडव सुटेपर्यंत ताई आमची आहे.”